लाइनवर राहा

९ मार्च, सोमवार

दुखणं: दुपारी जेवल्यावर, उजव्या बरगडीखाली, पाठीपर्यंत. खाल्लेलं: ब्रेडला लोणी, जरा सढळ हाताने.

सर्जन म्हणाले, "केव्हा दुखतं आणि त्याआधी काय खाल्लं, ते रोज लिहून ठेवा आजी." मला आजी म्हणायचं काही कारण नव्हतं, त्यांचेही केस पांढरे झालेत. पण वही आणली. हे म्हणाले, एका ओळीत काम भागेल. हे म्हणजे माझे यजमान. शब्दकोशाच्या कार्यालयातून निवृत्त झाले, पण अजून तिथून पुरते घरी आलेले नाहीत. एका ओळीवर थांबणं माझ्याच्याने व्हायचं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म गेला. तिथे दुसऱ्यांना बोलू द्यायचं आणि आपण गप्प बसायचं, हीच नोकरी. त्याची कसर आता भरून काढते.

तर, पित्ताशयात खडे आहेत. दुर्बिणीने ऑपरेशन करून पित्ताशयच काढून टाकणार. मी विचारलं, त्याच्याशिवाय चालतं का? सर्जन म्हणाले, छान चालतं, शरीराला पत्ताही लागत नाही. इतकी वर्षं त्या बिचाऱ्याने काम केलं आणि कुणाला पत्ताही लागणार नाही, हे ऐकून मला त्याची दयाच आली.

कापाकापीची भीती मला नाही. भीती आहे ती भुलीची. आपण तिथे आहोत आणि आपण तिथे नाही, हा काय प्रकार? एक्स्चेंजमध्ये नियम होता, लाइनी जोडायचा बोर्ड उघडा टाकून उठायचं नाही. अगदीच उठावं लागलं तर शेजारणीच्या हातात हेडफोन द्यायचा, तिने तो कानाला लावलेला पाहायचा आणि मगच खुर्ची सोडायची. एवढ्या वर्षांत माझा बोर्ड एकदाही उघडा राहिला नाही. म्हणून मी मनाशी ठरवूनच टाकलंय की या वेळी हेडफोन सूनबाईच्या हातात द्यायचा. मुलगा बोटीवर, अर्धं वर्ष पाण्यात. पण सून दोन गल्ल्यांपलीकडे राहते आणि भूल देणं हाच तिचा धंदा. मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. घरची गाय असताना बाहेर दूध कशाला शोधायचं?

११ मार्च, बुधवार

दुखणं: पोटात नाही. 

सूनबाई आली होती. मी सगळे रिपोर्ट तिच्यापुढे पसरले आणि म्हटलं, "तारीख सर्जन ठरवतील. भूल तू द्यायचीस."

ती रिपोर्ट वाचत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "नाही आई. मी नाही देणार."

"का गं?"

"मला नाही जमणार."

"जमणार नाही? रोज लोकांना रांगेने झोपवतेस की!"

"माझ्याबरोबरचे डॉक्टर आहेत, ते देतील. माझ्यापेक्षा चांगले आहेत, अहो." एवढं बोलून तिने सगळे कागद नीट लावले, टाचणी मारली, माझी नाडी पाहिली आणि बराच वेळ मनगट हातात धरून बसली. नाडी मोजायला इतका वेळ लागतो होय? मग चहा न घेताच निघून गेली.

खडे माझ्या पोटात, आणि तिने मलाच खड्यासारखं बाजूला काढलं. तशी ती पहिल्यापासून थंडच. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, एकदा मोठ्याने हसली नाही की एकदा भांडली नाही. "अहो आई, औषध घेतलंत का", "अहो आई, बी.पी. मोजलंत का". मी सासू आहे की वॉर्ड नंबर अमुक, कळत नाही. तिची स्वतःची आई ती शिकत असतानाच गेली, एका साध्याशा ऑपरेशनमध्ये. मुलाने एकदा सांगितलं होतं. ती स्वतः त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. आई नसलेल्या पोरीला आईची सवयच नसते, दुसरं काय.

१२ मार्च, गुरुवार

दुखणं: नाही. खाल्लेलं: पेज. त्यामुळे मन मात्र दुखलं.

ह्यांना काल भुलीचं सांगितलं तेव्हापासून टेबलाशी कोशांचा ढीग लावून बसलेत. ह्यांना ठेच लागली तरी आधी 'ठेच' शब्दाचं कूळ पाहतील आणि मग पाय धरतील. संध्याकाळी मला हाक मारली. "ऐकलंस का? अॅनेस्थेशिया."

"मला माहीत आहे त्याला काय म्हणतात ते."

"तसं नव्हे. मूळ ग्रीक. 'अन्' म्हणजे नाही. आपल्या अनोळखी, अनवाणीतलाच 'अन्', लांबचा भाऊ म्हण. आणि 'ऐस्थेसिस' म्हणजे जाणीव, संवेदना. जाणीव नसणं. सौंदर्यशास्त्राला इंग्रजीत जो शब्द आहे ना, तोही याच घरातला."

"म्हणजे आपल्याला सुंदर-कुरूप काही कळेनासं होतं. बरंच आहे की. हॉस्पिटलचा तो हिरवा झगा घालायचाय."

हे हसले नाहीत. एरवी हसतात. पुढे सांगत राहिले. शब्द फार जुना, पण ऑपरेशनसाठी तो सुचवला एका डॉक्टराने, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी. तो कविताही करायचा. आणि त्याआधी हजारो वर्षं ग्रीक लोक हाच शब्द माणसाच्या स्वभावालाही लावायचे. ज्याला सुखाची चवच कळत नाही, जो आतून बधिर आहे, त्याचा तो दुर्गुण.

"आलं लक्षात," मी म्हटलं. "म्हणजे आपल्या सूनबाईचा शब्द आहे हा. नुसता धंद्यानं नव्हे, स्वभावानंही."

"असं बोलू नये," हे म्हणाले. मग चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छ होता.

१५ मार्च, रविवार

दुखणं: सकाळी थोडं. खाल्लेलं: ह्यांनी केलेला टोस्ट. हे स्वयंपाकघरात का जातात कळत नाही. अलीकडे सारखे माझ्या मागे मागे असतात. मी गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले तरी हे चिमटे घेऊन दारात उभे. निवृत्त माणसाला उद्योग नसला की असंच.

तारीख ठरली, बुधवारची. सूनबाईने फोनवर सगळं समजावलं. मंगळवारी रात्री हलकं जेवण आणि त्यानंतर तोंडात काही घालायचं नाही. सकाळी दूध नाही, चहा नाही, बिस्कीट तर नाहीच. "का ते सांगते आई. भूल दिली की गळ्यापाशी जो पहारेकरी असतो ना, तोही झोपतो. पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात जाईल." फोन स्पीकरवर होता, ह्यांनीही ऐकलं. दोनदा विचारलं, "एक घोट चहासुद्धा नाही?" ती म्हणाली, "एक घोटसुद्धा नाही, बाबा. घेतला तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं."

ह्यांनी ते आपल्या चिठ्ठीवर लिहून घेतलं. ह्यांना सगळं लिहून घ्यायची सवय आहे.

फोन ठेवल्यावर पुन्हा तेच पुराण सुरू झालं. म्हणे त्या 'ऐस्थेसिस'च्याही पोटात आणखी जुना धातू आहे असं जाणकार मानतात. त्याची एक नात लॅटिनमध्ये गेली, तिथे तिचा अर्थ झाला ऐकणं. दुसरी संस्कृतात आली, ती आपल्या 'आविष्कार'मधली, म्हणजे उघड होणं. "म्हणजे बघ," हे म्हणाले, "खोल गेलं तर अॅनेस्थेशिया म्हणजे ऐकू न येणं. मी हाक मारली तरी तुला ऐकू येणार नाही."

"अहो, तशी मला एरवीही तुमची हाक दुसऱ्या वेळेलाच ऐकू येते."

"झोपलेल्याला काय म्हणायचं त्याला शब्द आहेत. बधिरीकरण, संवेदनाहरण, भूल. बाहेर बाकावर जो बसतो त्याच्यासाठी एकाही भाषेत शब्द सापडला नाही मला."

मी म्हटलं, मिळेल हो, अजून दोन कोश बघायचे राहिलेत तुमचे.

१८ मार्च, बुधवार

आज ऑपरेशन व्हायचं होतं. झालं नाही. घरी बसून लिहिते आहे आणि हसू की रडू ते कळत नाही.

आमच्याकडे पहाटेचा पहिला चहा हे करतात. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासूनचा रिवाज. मी पहिल्या पाळीला जायची तेव्हा हे उठवायचे, ते अजून चालू आहे. डोळे मिटलेलेच असतात, मी हात पुढे करते, हातात कप येतो, चहा पोटात जातो, मग मी जागी होते. आजही तेच झालं. हात पुढे केला, कप आला, चहा प्यायले. नेहमी हे कप देऊन पेपर आणायला जातात. आज उभेच होते. कप रिकामा झाल्यावर तो माझ्या हातून काढून घेतला, तेव्हा कुठे माझे डोळे उघडले आणि मी किंचाळले, "अहो, हे काय केलंत!"

"अरेच्चा," हे म्हणाले. "सवयीने झालं."

किती विसराळू झालेत! पण बाकी सगळं बरोबर लक्षात. फाइल पिशवीत, माझ्या सपाता पिशवीत, चष्म्याची डबी, मोबाइलचा चार्जर, सगळं रात्रीच भरून ठेवलेलं. नेमका चहाच विसरावा?

वाटेत मी म्हटलं, बोलायचंच नाही, एवढ्याशा चहाने काय होतंय. हे एकदम ओरडले, "नाही! सांगायचंच! सांगितलंच पाहिजे!" इतकं की टॅक्सीवाल्याने मागे वळून पाहिलं. हे आयुष्यात कधी ओरडले नव्हते.

हॉस्पिटलात सूनबाई वाट पाहत होती. तिच्याबरोबर जाड भिंगांच्या चष्म्याचे एक डॉक्टर होते, तेच भूल देणार होते. त्यांनी विचारलं, "काही खाल्लं-प्यायलं नाही ना?" मी खाली मान घालून सांगितलं. ते म्हणाले, मग आज नाही, दुधाचा चहा आहे, आपण पुढल्या आठवड्यात करू. अगदी शांतपणे म्हणाले, पण मला शाळेत पट्टी खाल्ल्यासारखं वाटलं.

सूनबाईने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती ह्यांच्याकडे पाहत होती. मला वाटलं, आता बोलणार, आता ह्यांची खरडपट्टी निघणार. पण ती आपल्या डॉक्टरांना म्हणाली, "चूक माझी आहे, सर. मी सकाळी फोन करून आठवण करून द्यायला हवी होती." मग ह्यांना म्हणाली, "बाबा, चला, तिकडे यंत्रातली कॉफी मिळते."

दोघं कॉरिडॉरच्या टोकाला बाकावर बसले. मला काचेतून पाठमोरे दिसत होते. बराच वेळ हे काहीतरी सांगत होते आणि ती ऐकत होती. नंतर तिने ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. परत आले तेव्हा ह्यांचे डोळे लाल. म्हणे कॉफी फार गरम होती.

१९ मार्च, गुरुवार

दुखणं: संध्याकाळी, बऱ्यापैकी. खाल्लेलं: काही नाही, रागाने.

सूनबाई सकाळीच येऊन आमचा चहाचा डबा घेऊन गेली! "ऑपरेशन झालं की परत देते." मी म्हटलं, अगं, आम्ही काय गुन्हेगार आहोत? ह्यांनी मात्र डबा स्वतः पुसून तिच्या हातात दिला. सहा दिवस चहाशिवाय! चुकले हे आणि शिक्षा मला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसं आमच्या घरात बाबा विसरतात आणि आई उपाशी मरते.

२२ मार्च, रविवार

दुखणं: नाही. खाल्लेलं: पेज, उकडलेला बटाटा.

आज सूनबाई आपणहून आली आणि पलंगावर माझ्याशेजारी बसली. पलंगावर ती कधी बसत नाही, खुर्ची ओढून घेते. मी कपड्यांच्या घड्या घालत होते, तीही घालू लागली. म्हणाली, "आई, तुम्हाला नक्की कशाची भीती वाटते?"

मी बोर्ड आणि हेडफोनचं सांगितलं. वाटलं हसेल. नाही हसली. तिने विचारलं, "लाइन जोडून दिली की तुम्ही काय करायचात?"

"काय करणार? बाजूला व्हायचं. ऐकायचं नाही. मधूनमधून दिवा पाहायचा, पेटलेला आहे ना, लाइन तुटली तर नाही ना. लोक भांडायचे, रडायचे, लग्न ठरवायचे. आपण फक्त दिव्यावर नजर ठेवायची. आणि एवढं करून कुणाला आमचं नाव माहीत नाही. 'ऑपरेटर' म्हणून हाक मारायचे आणि लाइन लागली की विसरायचे."

"आमचंही तेच आहे," ती म्हणाली. स्वतःबद्दलचं वाक्य मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकत होते, आणि ती थांबेचना. म्हणे, सर्जनला फुलं मिळतात. सर्जनचा चेहरा लोकांच्या लक्षात राहतो. भूल देणारा मात्र पूर्ण वेळ उशाशी बसलेला असतो, एकेक श्वास मोजत, दिव्यांवर नजर ठेवून, आणि जागा झालेला माणूस त्याला ओळखतही नाही. औषधाने आधीच्याही काही मिनिटांची आठवण पुसली जाते. "आम्ही लक्षात राहिलो तर समजायचं, काहीतरी बिघडलं होतं."

मी म्हटलं, "मग तुम्ही झोपवता कसं? अंक मोजायला सांगता ना?"

"मी नाही सांगत. मी त्यांना त्यांचं काम विचारते. एक शिंपी होते, त्यांना म्हटलं कॉलर कशी बसवतात सांगा. त्यांनी कापड आखलं, कापलं, उलटं केलं, आणि काज करायच्या आधी झोपले. कुणी काजापर्यंत पोचत नाही." आणि ती हसली. हसताना तिच्या एका गालाला खळी पडते, हे मला आज कळलं! "तुम्हाला सर एक्स्चेंजचं विचारतील. मी सांगून ठेवलंय."

मी जरा धीर करून म्हटलं, "तूच का नाही विचारत?"

तिने टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली. "आई, दिव्यावर नजर ठेवायची तर हात थरथरून चालत नाही."

मी म्हटलं, तुझे हात कुठे थरथरतात, दगडासारखे असतात. टॉवेल मात्र चौकोनी व्हायचं नाव घेईना. तिला घड्या घालता येत नाहीत, हेही आज कळलं.

गेल्यावर मी विचार करत बसले. मुलगी तशी वाईट नाही. थोडी बुजरी आहे. पण मग माझ्याशी असं का? जाऊ दे. हेडफोन कुणाच्या हाती द्यायचा, ते दर वेळी आपल्याला निवडायला मिळतंच असं नाही.

२५ मार्च, बुधवार

अगदी थोडक्यात. निघायची वेळ झाली आहे. सूनबाई पहाटेच आली, घरात चहा नाही याची खातरजमा केली, ह्यांना सोफ्यावर बसवलं आणि त्यांच्या हातात माझी पिशवी दिली. "बाबा, तुमचं काम ही पिशवी धरणं." हे पिशवी पोटाशी धरून बसलेत. दोन्ही हातांनी.

मी देवाला काही मागितलं नाही, फक्त हजेरी लावून आले.

हे आत्ता म्हणाले, "मी बाहेरच आहे. शब्द सापडला नाही तरी बसेन."

२६ मार्च, गुरुवार

हात वळत नाही नीट. हॉस्पिटल. मी आहे. झालं.

पोटावर चार छोट्या पट्ट्या. दुखणं: आहे, पण दुसऱ्या जातीचं.

काल काय झालं ते लिहायला बसले तर काही सापडत नाही. ढकलगाडीवर होते, छताचे दिवे एकामागून एक मागे जात होते. थंडी. कुणीतरी पायावर पांघरूण घातलं. आणि लगेच कुणीतरी म्हणालं, "झालं." मी म्हटलं, सुरू कधी झालं? मधलं काही नाही. झोपेत निदान झोपल्याचं तरी कळतं. हे म्हणतात ते खरं आहे, 'अन्'. नाहीच.

जागी होताना सूनबाई दिसली. तिची ती निळी टोपी, डोळे सुजलेले, बहुधा रात्रपाळी असावी. मला अर्धवट ऐकू आलं, "अगं आई, ऊठ ना गं. आई, डोळे उघड." अजून भूल उतरली नव्हती म्हणून मला तसं वाटलं असणार. ती मला 'अगं' म्हणेल कशाला?

हे आले. पिशवी अजून पोटाशीच होती.

३० मार्च, सोमवार

घरी. दुखणं: खोकल्यावर. खाल्लेलं: पेज, आणि चहा! आपला नव्हे, सूनबाईने थर्मासमधून आणलेला. डबा अजून तिच्याकडेच आहे. ह्यांच्यावर भरवसा ठेवायला ती तयार नाही, आणि हे त्यावर लहान मुलासारखे हसतात. दोघांचं काहीतरी गूळपीठ जमलंय. मला बघून बोलणं थांबवतात.

ती चहा ओतत होती तेव्हा तिचं मनगट दिसलं. आतल्या बाजूला चार ओरखडे, ओळीने, खपली धरलेले. मी म्हटलं, "हे गं काय?"

"मांजराने ओरबाडलं."

"तुमच्याकडे कुठे आहे मांजर?"

"हॉस्पिटलात आहे एक." आणि बाही खाली ओढली. हॉस्पिटलात मांजरं फिरतात म्हणजे काय स्वच्छता असेल! मी सर्जनना सांगणारच आहे. इंजेक्शन घेतलंस का विचारलं तर म्हणाली, "त्या मांजराचं काही विष नसतं, आई."

माझी नखं ती कापून गेली. मी न सांगता.

४ एप्रिल, शनिवार

दुखणं: नाही.

टाके पाहायला गेलो होतो. सर्जन म्हणाले, छान, आता सगळं खा. मी मांजराचं सांगणार होते, तेवढ्यात ते बोलावणं आलं म्हणून निघून गेले. आम्ही लिफ्टशी उभे होतो, तर जाड भिंगांच्या चष्म्याचे एक गृहस्थ समोर येऊन हसले. मी नुसती मान हलवली.

"नाही ओळखलंत," ते खूश होऊन म्हणाले. "छान. म्हणजे सगळं ठीक झालं."

मग लक्षात आलं. चहाच्या दिवशी भेटलेले भुलीचे डॉक्टर! माफी मागितली. म्हटलं, "मी एक्स्चेंजचं काही सांगितलं का हो? काजापर्यंत पोचले का?"

"काज?"

"काही नाही. काय बोलले मी?"

"तुम्ही बोर्डाचं छान सांगत होतात. लाल दिवा, हिरवा दिवा. मग एकदम थांबलात आणि म्हणालात, 'ती कुठे आहे? तिच्या हातात दिल्याशिवाय मी खुर्ची सोडणार नाही.' ती दारापाशी उभी होती. खरं तर तिने आत यायचंच नाही असं आमचं ठरलं होतं. सकाळपासून तिला हातात पाण्याचा ग्लास धरवत नव्हता. आमच्याकडची सगळ्यात स्थिर हातांची डॉक्टर आहे ती. पण आली. तुम्ही तिचं मनगट असं पकडलंत, आणि म्हणालात, 'लाइनवर राहा हं. कट करू नकोस.'"

लिफ्ट आली, लोक चढले, लिफ्ट गेली. आम्ही तिथेच.

"मग?" मी म्हटलं.

"मग तुम्ही झोपलात. भुलीने तुमची पकड सुटली." चष्मा काढून ते पुसू लागले. "तिची नाही सुटली. ऑपरेशन संपून तुम्ही डोळे उघडेपर्यंत स्टुलावर बसून होती, हात धरून. मी म्हटलं, अगं, आता त्यांना काही जाणवत नाहीये. म्हणाली, मला जाणवतंय ना, सर."

ह्यांनी माझा दंड धरला. ह्यांना हे सगळं ठाऊक होतं, चेहऱ्यावरून कळलं. टॅक्सीत मी माझ्या कापलेल्या नखांकडे पाहत होते. कुठलं मांजर ते एकदाचं कळलं. आणि मी हिला ग्रीकांचा तो शब्द लावला होता! जिभेला हाड नाही म्हणतात ते माझ्यासाठीच. हजारो लाइनी जोडल्या मी. लोक बोलले, हसले, रडले, आणि दिवा विझला की मी वायर काढून घेतली. माझ्यासाठी कुणी लाइनवर थांबलं असेल असं कधी मनात आलं नाही.

घरी आल्यावर तिला फोन लावला. ती कामावर असणार हे माहीत होतं, तरी लावला. तिने लगेच उचलला. मागे यंत्राची टिकटिक ऐकू येत होती.

"आई? काय झालं? दुखतंय का?"

काय काय बोलायचं ठरवलं होतं. आयुष्यभर जिला आवाजाचा पगार मिळाला, तिच्या तोंडून शब्द फुटेना.

"आई? बोल ना. अगं, दुखतंय का?"

"नाही गं," मी म्हटलं. "लाइन चालू आहे का, एवढंच पाहत होते."

तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.

"चालू आहे," ती म्हणाली.